घरामागच्या तळ्यातली कमळं आणि लिली: थंडीत काय आत आणायचं, काय बाहेर ठेवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मध्य न्यू जर्सीत घरामागे तुम्ही या मे महिन्यात ८ बाय १० फुटांचं तळं केलंत. मधोमध अडीच फूट खोली आणि कडेने एक फूट खोलीची पायरी. त्यात सात साधे गोल्डफिश. झाडांमध्ये गुलाबी लिली, निळी लिली, कंदापासून लावलेलं कमळ, काळ्या देठाचं अळू, वेखंड आणि वर तरंगणारी जलपर्णी. आता सप्टेंबर संपत आलाय आणि शेजारी म्हणतात, सगळं गोठेल. म्हणून तुम्ही विचारताय की सगळ्या कुंड्या उचलून बेसमेंटमध्ये न्यायच्या का, मासे तिथेच ठेवायचे का, आणि पुढच्या वर्षी गौरी-गणपतीला घरची कमळं मिळतील का.

सगळ्या कुंड्या आत नेऊ नका. तुमच्या यादीतल्या दोनच झाडांना घरात जागा लागेल. उरलेल्यांना बेसमेंटची उबदार हवा उलट त्रासाचीच होईल.

हा प्रश्न बहुतेक जण ‘आत की बाहेर’ असा विचारतात. मी प्रत्येक झाडाबद्दल वेगळं विचारते: हिवाळ्यात याचा जीव कुठे असतो, आणि तिथपर्यंत बर्फ पोचेल का? पानं आणि देठ तर जाणारच. लिलीचा जीव असतो मातीतल्या जाड आडव्या गड्ड्यात, कमळाचा केळ्याच्या आकाराच्या कंदात. गारठलेलं पाणी या कंदाला काही करत नाही. कंदातलंच पाणी गोठलं तर मात्र आतल्या पेशी फुटतात आणि बर्फ वितळल्यावर हाताला लगदा लागतो. त्यामुळे थंडी किती पडते यापेक्षा कंद किती खोल आहे याला जास्त महत्त्व आहे.

इथे निसर्गाची मदत होते. पाणी सर्वांत जड असतं ते ३९ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४ सेल्सियसला. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. बर्फाचा थर वरून खाली वाढत जातो, पण तळाशी ३९-४० अंशांचं पाणी शांत पडून राहतं. तुमच्या भागात नर्सरीच्या लेबलवर ७ए हा विभाग लिहिलेला दिसेल. त्याचा अर्थ हवेचं तापमान वर्षातल्या सर्वांत थंड रात्री सरासरी शून्य ते पाच फॅरनहाइटपर्यंत उतरतं. तो आकडा हवेचा आहे. अडीच फूट पाण्याखालच्या कुंडीला तो तसाच्या तसा लागू होत नाही. मिनेसोटात किंवा विस्कॉन्सिनमध्ये असतात तर मी अडीच फुटांना कमी म्हटलं असतं. न्यू जर्सीत या झाडांसाठी ती खोली पुरते. मी स्वतः पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या बाहेर राहते, म्हणजे आपला हिवाळा जवळपास सारखाच आहे.

पायरीवरच्या कुंड्यांचं मात्र नीट मोजा. पायरीवर पाणी एक फूट आहे, पण कुंडी आठ इंच उंच असेल तर मातीच्या डोक्यावर चारच इंच पाणी उरतं. जानेवारीत सलग आठवडाभर कडाका पडला की बर्फ सहज तेवढा खाली येतो. म्हणून मोजायचं ते पाण्याच्या पृष्ठभागापासून कुंडीतल्या मातीपर्यंत. तीच कुंडी मधल्या खोल भागात ठेवली की तिच्यावर वीसेक इंच पाणी येतं आणि काळजी मिटते.

आता एकेक झाड घेऊ. सुरुवात लिलींपासून, कारण तुमच्याकडच्या दोन लिली दोन वेगळ्या जगांतल्या आहेत आणि नर्सरीत त्या शेजारी-शेजारी विकायला ठेवतात.

गुलाबी लिली बहुधा थंडी सोसणारी, म्हणजे हार्डी आहे. खात्री करायची असेल तर पान बघा. हार्डी लिलीच्या पानाची कड गुळगुळीत असते आणि फूल पाण्यावर टेकून किंवा जेमतेम वर उमलतं. उष्ण प्रदेशातल्या ट्रॉपिकल लिलीच्या पानाची कड बहुधा दातेरी किंवा लहरी असते आणि फूल लांब देठावर पाण्याच्या बरंच वर उभं राहतं. तुमच्या निळ्या लिलीत हे सगळं दिसेल. किंबहुना निळा रंग हीच मोठी खूण आहे. बाजारात मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या लिली जवळपास सगळ्या ट्रॉपिकल असतात. भारतातल्या तळ्यांत दिसणारं निळं कुमुदही याच घराण्यातलं.

हार्डी लिलींबद्दल निश्चिंत राहायला एक चांगलं कारण आहे. अमेरिकेची मूळची पांढरी सुगंधी लिली मेनमधल्या, हिवाळाभर गोठणाऱ्या तळ्यांत आपणहून वाढते. वॉशिंग्टनमधलं केनिलवर्थ जलउद्यान उभं राहिलं तेच मेनमधून आणलेल्या लिलींवर. वॉल्टर शॉ नावाच्या सरकारी नोकराने १८८०च्या दशकात आपल्या गावाकडून त्या आणून तिथल्या डबक्यात लावल्या होत्या. आता ती जागा नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. जुलैमध्ये जमलं तर एकदा जाऊन या, तिथे उघड्यावर वर्षानुवर्षं वाढणारी कमळंही बघायला मिळतील. गुलाबी-लाल-पिवळ्या हार्डी जाती त्याच सुमारास फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक यांनी तयार केल्या. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात त्या मांडल्या होत्या आणि चित्रकार मोने यांनी आपल्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच लिली मागवल्या. तुमच्या गुलाबी लिलीचं मूळही बहुधा तिथेच कुठेतरी पोचतं, आणि त्या कुळात थंडी सोसण्याची ताकद आहे.

तिच्यासाठी करायचं ते एवढंच. खताच्या गोळ्या आता पूर्ण बंद. खरं तर मी ऑगस्टच्या मध्यानंतर त्या देतच नाही, कारण उशिरा मिळालेल्या खतावर झाड नवी कोवळी पानं काढत बसतं आणि गड्ड्यात साठा करायचा राहतो. ऑक्टोबरमध्ये पानं लहान, पिवळी होत जातील. ती पिवळी होतील तशी काढा, हिरवी राहू द्या. एक-दोनदा दहिवर गोठून पानं काळी पडली की उरलेली मातीच्या दोन-तीन इंच वर कापा आणि कुंडी मधल्या खोल भागात सरकवा. हे काम हात पाण्यात घालवतोय तोवरच करून टाका. नोव्हेंबरच्या शेवटी कोपरापर्यंत हात बुडवून जड कुंडी हलवणं फार त्रासाचं होतं.

निळी लिली तळ्यात राहिली तर वाचणार नाही. इथे तुम्हाला निवड करावी लागेल. कितीतरी अनुभवी लोक ती एका हंगामाचं झाड समजून दर जूनमध्ये नवीन आणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण जपायची इच्छा असेल तर रोप नाही, कंद जपा. घरातल्या खिडकीतल्या उजेडावर अख्खं रोप जगवणं फार कठीण आहे. थंडीने पानं लहान झाली की कुंडी बाहेर काढून आठ-पंधरा दिवस गार जागी ठेवा. मग माती धुऊन काढा. खोडाच्या बुडाशी अक्रोडाएवढे किंवा त्याहूनही लहान टणक कंद मिळतील. चेपून बघा आणि मऊ असतील ते टाकून द्या. माझा अनुभव असा की मोठ्या कंदापेक्षा लहान, टणक कंद जास्त टिकतात. जेमतेम ओलसर वाळूत घालून ते बरणीत ठेवायचे आणि बरणी बेसमेंटच्या गार कोपऱ्यात, ५० ते ५५ अंशांच्या आसपास. फ्रिज त्यांना फार गार होतो. महिन्यातून एकदा उघडून बघा. बुरशी दिसली तर धुऊन वाळू बदला. एप्रिलमध्ये ते ७५-८० अंश कोमट पाण्याच्या भांड्यात, उजेडात ठेवले की कोंब येतात. तळ्यात लावायची घाई करू नका. पाणी रात्रीसुद्धा ७० अंशांच्या खाली जात नाही, म्हणजे आपल्याकडे जून उजाडतो, तेव्हाच लावा. त्याआधी गार पाण्यात गेलेली ट्रॉपिकल लिली पुन्हा झोपी जाते आणि अर्धा उन्हाळा वाया घालवते.

कमळाबद्दल लोकांना सर्वांत जास्त धास्ती असते, कारण आपल्या मनात ते उष्ण देशाचं फूल आहे. प्रत्यक्षात आपलं कमळ चीनच्या थंड ईशान्य भागातही वाढतं, आणि पिवळ्या कमळाची एक जात तर याच अमेरिकेची आहे. कमळाला लागतो तो कडक उन्हाळा. ८०-८५ अंशांचे दिवस सलग काही आठवडे आणि रोज किमान सहा तास थेट ऊन मिळालं तर हिवाळा कितीही गार असो, कंद गोठला नाही म्हणजे झालं.

तुमच्या कमळाने पहिल्या वर्षी फक्त पानं काढली आणि फूल दिलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मेमध्ये कंद लावला असेल तर ते अगदी स्वाभाविक आहे. त्या पानांनी सप्टेंबरमध्ये खाली नवे जाडजूड कंद भरले असतील आणि पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्यावरच अवलंबून आहे. म्हणून आत्ता कमळाची हिरवी पानं कापू नका, तळं विस्कटलेलं दिसलं तरी. कमळाचा देठ आतून पोकळ असतो. हिरवा देठ पाण्याखाली कापला की पाणी थेट कंदाच्या नळ्यांत शिरतं आणि कंद सडायची भीती राहते. पानं आणि देठ पूर्ण तपकिरी, कोरडे होऊ द्या. मग मातीच्या काही इंच वर कापून अख्खं टब मधल्या खोल भागात उतरवा. टब जड असेल, दोघांनी मिळून उचला. कंदाचं टोक हाताच्या धक्क्यानेही मोडतं आणि टोक मोडलं की त्या कंदाची वाढ थांबते. त्यामुळे शरद ऋतूत कमळ उकरून बघायचा मोह टाळा. वाटणी करायचीच तर एप्रिलमध्ये, नवे धुमारे लांबण्याआधी.

टब इतकं मोठं असेल की खोल भागात मावत नाही, तर दुसरा मार्ग आहे. ते घराला लागून असलेल्या, न तापवलेल्या गराजमध्ये ठेवा. माती ओली राहील एवढं पाणी ठेवा आणि भोवती जुनी रजई गुंडाळा. ३५ ते ४५ अंश उत्तम. बेसमेंटमध्ये बॉयलरच्या शेजारी ६५ अंशांत ठेवलंत तर ते जानेवारीतच जागं होईल, उजेड नसल्याने लांबट कोंब काढेल आणि साठवलेली ताकद घालवून बसेल. मघाशी बेसमेंटची ऊब त्रासाची म्हटलं ते यासाठी.

अळू आत येईल, पण कुंडीत हिरवं ठेवायची गरज नाही. पहिल्या दहिवराने पानं लोळली की कंद काढा, माती झटका, सावलीत थोडे दिवस वाळवा आणि कागदी पिशवीत कोरड्या भुशात ठेवून द्या, ५० अंशांच्या आसपास. निळ्या लिलीच्या बरणीशेजारीच जागा करा.

वेखंडाची अजिबात काळजी करू नका. लहान मुलांना उगाळून लावायला आपण ज्याची काडी वापरतो त्या वेखंडाचा सख्खा भाऊ या देशात दलदलीतून आपोआप उगवतो. पायरीवरच राहू दे. त्याची वाळलेली पानं मार्चमध्ये कापा. तोवर ती उभी असतील तर तिथे बर्फाचा थर जरा भुसभुशीत राहतो.

जलपर्णी काढून टाका, आणि दहिवर पडायच्या आधी. पवना-इंद्रायणीत तिचा गालिचा कसा पसरतो ते तुम्ही पाहिलेलं आहे. इथे ती थंडीने मरते, पण मेलेली जलपर्णी तळाशी बसून सडते आणि तेच माशांना भोवतं. सगळी कंपोस्टमध्ये घाला, ओढ्यात किंवा नदीत कधीही नाही. मेमध्ये हवी असेल तर दोन-चार रोपं पुरतील, मात्र आपल्या राज्यात तिच्या विक्रीबद्दल काय नियम आहे ते तेव्हा तपासा.

याच ओघात, तुम्ही ओळखीच्यांकडून शिंगाड्याचं बी आणि नाळीच्या भाजीच्या काड्या मिळणार असल्याचं लिहिलंय. कृपा करून दोन्ही घेऊ नका. शिंगाडा या ईशान्य भागात एकोणिसाव्या शतकात आला आणि हडसन नदीपासून लेक शॅम्प्लेनपर्यंत त्याने पाणी झाकून टाकलं. आजही तो हाताने आणि यंत्रांनी उपटावा लागतो आणि न्यूयॉर्क राज्याच्या बंदी यादीत आहे. नाळीची भाजी तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे, परवान्याशिवाय ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. आपल्या गावाकडचं काही लावावंसं वाटणं मला पूर्ण समजतं. त्यासाठी वेखंड आहे, कमळ आहे, काठावर ब्राह्मीची कुंडी ठेवा, ती हिवाळ्यात खिडकीतही राहते.

आता मासे. तुम्ही झाडांबद्दल जास्त विचारलंत, पण हिवाळ्यात दोन्हींची काळजी एकच असते. बर्फाखालचे मासे थंडीने क्वचितच मरतात. तळाशी पानं आणि गाळ सडत राहतो, त्यातून विषारी वायू निघतात, वर बर्फाचं झाकण असतं आणि ते बाहेर जाऊ शकत नाहीत. मासे दगावतात ते यामुळे. म्हणून माझ्या हिशेबी शरद ऋतूतलं सर्वांत मोठं काम म्हणजे जाळी. शेजारच्या ओक-मेपलची पानगळ जोर धरण्याआधी तळ्यावर घट्ट जाळी ताणा, मधोमध ती पाण्यात लोंबणार नाही अशी. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास पानांसकट काढून घ्या.

पाणी ५० अंशांखाली गेलं की खाणं पूर्ण बंद. ५० ते ६० च्या मध्ये गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य, तेही थोडं. थंडीत त्यांची पचनशक्ती जवळपास थांबते. डिसेंबरमधल्या एखाद्या उबदार दुपारी ते वर येऊन तोंड उघडतील, दया आली तरी घालू नका. साधे, लांबट गोल्डफिश तुमच्या अडीच फुटांत आरामात राहतील. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे शोभेचे प्रकार असतील तर ते घरातल्या टाकीत आणा. कोई, म्हणजे मोठे होणारे रंगीत कार्प मासे, असते तर मी आणखी खोली मागितली असती.

बर्फात एक भोक कायम उघडं हवं. त्यासाठी तरंगणारा डी-आइसर, म्हणजे भोवतालचा बर्फ वितळवणारा छोटा हीटर, किंवा छोटा एअर पंप, दोन्ही चालतात. पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, म्हणजे एअर स्टोन, तळाशी ठेवू नका. पायरीवर, पृष्ठभागाच्या जवळ ठेवा, नाहीतर वरचं अतिथंड पाणी तळाच्या उबदार पाण्यात मिसळतं आणि वर सांगितलेला सगळा फायदा जातो. याच कारणासाठी धबधब्याचा पंप बंद करून आत आणा आणि बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे त्याचे रबरी सील वाळत नाहीत. वीज जाऊन भोक बंद झालं तर हातोडी मारू नका, त्या धक्क्याने माशांना इजा होते. गरम पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवा आणि भोक पडेपर्यंत धीर धरा. बर्फ पडला तर थोडा भाग झाडून उजेड आत जाऊ द्या. तळ्यात हॉर्नवर्टसारखी बुडालेली पाणवनस्पती असेल तर ती त्या उजेडावर बर्फाखालीही थोडा प्राणवायू तयार करते. नसेल तर पुढच्या वर्षी नक्की घाला, पण घेताना ती हायड्रिला नावाचं भराभर पसरणारं तण तर नाही ना याची खात्री करा, तीही केंद्राच्या यादीत आहे.

हे सगळं नेमकं कोणत्या तारखेला करायचं ते मी सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या अंगणावर अवलंबून आहे. दक्षिणेकडे उघडं असलेलं तळं सावलीतल्या तळ्यापेक्षा बरेच दिवस उशिरा गार होतं. एक साधा तरंगणारा थर्मामीटर घ्या आणि त्याच्याकडे बघून ठरवा. क्रम मात्र असाच: आधी जाळी आणि जलपर्णी, मग दहिवरानंतर अळू आणि निळी लिली, मग पानं वाळल्यावर गुलाबी लिली आणि कमळ खोल भागात, आणि सगळ्यात शेवटी पंप बंद करून एअर स्टोन.

वसंतात उलट क्रम, पण सावकाश. पाणी ५० च्या वर टिकू लागलं, साधारण फोर्सिथिया (वसंतात पिवळ्या फुलांनी भरणारं झुडूप) फुलून गेल्यावर, गुलाबी लिली पुन्हा वर आणा. तीन वर्षांनी एकदा तिचा गड्डा कापून नव्या कुंडीत लावा. जड चिकणमाती घ्या, कुंड्यांसाठीची हलकी पिशवीतली माती पाण्यावर तरंगते. गड्डा कुंडीच्या कडेला तिरका ठेवून डोळा मातीबाहेर राहू द्या आणि वर खडी पसरा, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. एप्रिलमध्ये पाणी हिरवंगार होईल. घाबरून पाणी बदलू नका. लिलीची पानं अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकतील तेव्हा ते बहुधा आपोआप निवळेल. कमळ सर्वांत उशिरा जागं होतं. मेच्या मध्यापर्यंत काही दिसलं नाही तरी उकरू नका. पाण्याबाहेर उभी पानं आल्यावरच त्याला खत द्या, त्याआधी दिलेल्या खताने कोवळी मुळं जळतात.

आणि गौरी-गणपती. कमळ इथे जुलैत फुलायला लागतं, बहर ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबर सुरू झाला की फुलं तुरळक होतात. गणपती ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले तर घरचं कमळ मिळण्याची चांगली शक्यता आहे. सप्टेंबरच्या मध्यावर आले तर भरवसा नको, तेव्हा गुलाबी लिली कामी येईल, ती पहिल्या थंडीपर्यंत फुलत राहते. कमळाची कळी पूजेसाठी हवी असेल तर पहाटे, नुकती फुगलेली असताना कापा. पूर्ण उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटायला लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळ्या गळतात. लक्ष्मीपूजनाला मात्र आपल्या तळ्यातलं फूल मिळणार नाही. तेव्हासाठी ऑगस्टमध्येच एक-दोन बीजकोश देठासकट कापून उलटे टांगून वाळवून ठेवा.

तळ्यावर दुपारी किती तास ऊन येतं आणि जवळ कोणती झाडं आहेत ते कळवलंत तर जाळी आणि कमळाच्या जागेबद्दल आणखी नेमकं सांगता येईल. जाळी मात्र उत्तराची वाट न बघता याच आठवड्यात आणा.